बिनएसीच्या गाडीतले आमचे सर

दुबईत एसीच्या फिल्टरवर धूळ साचते ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से साचतात. फिल्टर निदान धुता तरी येतो! आमचे मालक अजितसर, मूळचे डोंबिवलीचे. आठवडाभर एसी मेंटेनन्सची कंपनी चालवतात आणि वीकेंडला ट्रॅकवर रेसची गाडी. मी मनीषा, त्यांची ऑपरेशन्स मॅनेजर. जरा फटकळ आहे, पण पदरचं काही घालत नाही. ऐका तर.

*

सर रेसिंगला लागले तेच मुळी चाळिशी उलटल्यावर. ट्रॅकवरच्या एका ऑफिसचा एसी बघायला गेले आणि खिडकीतून गाड्याच बघत बसले. एसी दुरुस्त झाला, सर बिघडले!

तेव्हापासून दर सीझनला कधी चौथे, कधी सहावे. पहिल्या तिनात कधीच नाहीत. वैशालीवहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, कंपनीचं फायनान्स बघतात. यंदा त्यांनी भर ऑफिसात सांगून टाकलं, "अहो, पन्नाशी आली आता. या सीझनला एकदा तरी पहिल्या तिनात या. नाही आलात तर गाडी विकायची. खलास!"

सर म्हणाले, "ठीक आहे." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून माणूस झपाटला हो!

*

झपाटला म्हणजे किती? रेसच्या गाडीत एसी नसतो. जन्मभर लोकांना गार करणारा हा माणूस तिथे हौसेने उकडून घेतो. मग म्हणे सवय करायला हवी. म्हणून भर दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, काचा लावून, व्हॅनचा हीटर चालू करून बसायचे. वर तिथूनच क्लायंटचे फोन घ्यायचे!

एकदा सिक्युरिटी गार्डने पाहिलं. साहेब लालबुंद, डोळे मिटलेले. बिचारा घाबरला. दार उघडून अर्धी बाटली पाणी ओतलं त्यांच्या डोक्यावर आणि ओरडला, "साब, एसी बंद पड़ा है! किसी को बुलाऊँ?"

सर निथळत म्हणाले, "किसको बुलाएगा भाई? मैं ही एसीवाला हूँ!"

*

आणि हाच माणूस रस्त्यावर कसा चालवतो माहितीये? सरांची आई डोंबिवलीहून आली होती. तिला खोर फक्कानचा समुद्र दाखवायला निघालो आम्ही सगळे. मोकळा रस्ता, डोंगर, मागून ट्रकसुद्धा आम्हाला ओव्हरटेक करून चाललेले. शेवटी आजींना राहवेना.

"अज्या, तू नक्की रेसच खेळतोस ना? का वैशालीला थापा मारतोस?"

मागून सरांची लेक म्हणाली, "आजी, बाबा तर कबुतरांसाठीपण ब्रेक मारतात!"

सर शांतपणे म्हणाले, "आई, तिथे हळू चालवलं तर हरतो. इथे जोरात चालवलं तर फाईन बसतो. मला दोन्ही नको!"

*

आता बुटांचं ऐका. याच्यावर मी आजही हसू की रडू, कळत नाही.

पिट म्हणजे ट्रॅकला लागून असलेलं गॅरेज, रेसच्या मध्यात टायर बदलतात ते. तिथे सरांनी आमचेच टेक्निशियन उभे केले. म्होरक्या फ्रान्सिस, वसईचा. स्क्रू पिळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सर त्या दिवशी चक्क तिसरे चालले होते!

गाडी पिटमध्ये आली, पोरं धावली, टायर झक्कास बदलले. गाडी सुटली. आणि पाठोपाठ पेनल्टी! का? तर सगळे मोज्यांवर! क्लायंटच्या व्हिलात शिरताना बूट दाराबाहेर काढायचे, हा आमच्या कंपनीचा पहिला नियम. बूट गॅरेजबाहेर ओळीने मांडून ठेवलेले, जोडीला जोडी लावून. रेसमध्ये बुटांशिवाय पिटमध्ये उतरायला सक्त मनाई!

सर पाचवे आले. मी फ्रान्सिसवर तोंड सोडलं, "अरे, अक्कल गहाण टाकली होती का?"

तो रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, लादी पुसलेली होती!"

  सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करामाच्या बाजारात जाऊन सगळ्यांना घोट्याच्या वरपर्यंत लेस असलेले बूट घेऊन आले. म्हणाले, "हे सोडेपर्यंत रेस संपते."

*

मग आली सीझनची शेवटची रेस, अबू धाबीला. पहिल्या तिनात, नाहीतर गाडी विक्रीला.   फ्रान्सिसने तर सकाळपासून गळ्यातला क्रूस हातातच धरलेला.

शेवटची लॅप. सर चौथे. आणि तिसरे कोण? खालिदसाहेब! आमचे सगळ्यात मोठे क्लायंट, तेही रेसचे शौकीन. त्यांच्या बिल्डिंगांचे एसी आमच्याकडे, आणि कॉन्ट्रॅक्टचं रिन्युअल पुढच्याच आठवड्यात. निम्म्या स्टाफचा पगार त्यावर चालतो!

रेडिओ माझ्याकडे होता. मी कशीबशी म्हणाले, "सर, पुढे खालिदसाहेब आहेत."

 पलीकडून सर म्हणाले, "दिसतंय मला. वैशाली आहे का तिथे?"

वहिनींनी माझ्या डोक्यावरून हेडसेट ओढूनच घेतला. "अहो, कॉन्ट्रॅक्टचं मी बघते! तुम्ही पुढे बघा!"

शेवटच्या वळणावर सर आतल्या बाजूने घुसले. तिसरे! मी ओरडत होते, फ्रान्सिस नाचत होता आणि गाडी विकायला निघालेल्या वहिनी भोकाड पसरून रडत होत्या.

सोमवारी खालिदसाहेब न कळवता ऑफिसात हजर. चेहरा गंभीर. चहा नको म्हणाले.  कॉन्ट्रॅक्ट मागवलं, सावकाश वाचलं आणि सही केली. सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, दारापर्यंत सोडायला गेले.

दारात खालिदसाहेब वळले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हबीबी, तुम इतना जल्दी आ सकता है? तो मेरा बिल्डिंग में एसी बंद होता है, तब तुम्हारा आदमी चार घंटे में क्यों आता है?"