मामांचा खासगी आवाज

आमच्या फौंड्रीतले युनियनचे मामा नुसते कुजबुजले तरी शेजारच्या कारखान्यातली माणसं जेवणाची सुट्टी झाली असं समजून डबे उघडत. उमेदीची सगळी वर्षं भट्टीच्या ब्लोअरशेजारी गेल्यामुळे त्यांच्या आवाजाला लहान-मोठा हा भेदच उरला नव्हता. गेटवरून चहा सांगितला, तर दोन टपऱ्यांवरून यायचा, आणि मामा दोन्ही प्यायचे. एकदा आजारी कामगाराला भेटायला दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "पगारी रजा मिळवून देतो, निवांत झोप." अख्खा वॉर्ड निवांत झोपला.

मी तिथला पर्सोनेल ऑफिसर. बोलणं कमी, तेही हळू. दोन हजार आठच्या मंदीत ऑर्डरी आटल्या तेव्हा मालक एवढंच म्हणाले होते, "खर्च कमी करा." पुढचं डोकं माझं, हे मी आजवर घरीही बोललो नाही. मामांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, की मोल्डिंग खात्यातली वीस माणसं कमी करायला युनियनची सही द्या. तुमची नोकरी पक्की.

मामा पुढे वाकले. "म्हंजे मला ठिवणार, आन माझी ईस माणसं घरी बसवणार. आसंच की न्हाय, सायेब?"

बाहेर हातोडे थांबले.

दार उघडलं तर समोर सगळी फौंड्री उभी. मग बोलणी उघड्यावरच झाली. मामांनी तोडगा काढला: कुणालाच काढायचं नाही, सगळ्यांनी आठवड्यातून चारच दिवस काम करायचं, चारच दिवसांचा पगार घ्यायचा, ऑफिसनंसुद्धा. मालकांना तो पटला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो डाव कुनाचा त्ये सांगा. पयला त्यालाच घालवू."

"डाव मंदीचा," मामा म्हणाले. "चला कामाला."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऑर्डरी परतल्या, पुरा आठवडा सुरू झाला. एकही माणूस गेला नव्हता. त्या संध्याकाळी मामा केबिनमध्ये आले आणि दार त्यांनीच लावलं. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "मामा, ते डोकं मालकांचं नव्हतं. माझं होतं."

"ठाव हाय. मालकास्नी तवाच इचारलं. पोरास्नी सांगितलं न्हाय." मग म्हणाले, "तुमची बी नोकरीच की, सायेब."

दाराबाहेर टेकून उभ्या असलेल्या शिपायाला यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही. मामा निवृत्त होऊन आजऱ्याकडे गावी गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांना इतकं हळू बोलता यायचं, हे अख्ख्या फौंड्रीत मला एकट्यालाच माहीत आहे.