पपईची भुकटी

माझ्या थोरल्या बहिणीला साक्रीकडच्या एका डोंगरगावात दिलं होतं. तिला मी अक्का म्हणायची. दुष्काळाच्या वर्षी तिच्याकडे गेले, तेव्हा तिची लहानगी लेक दिवेलागणीला अंगणातल्या खाटेला धडकत होती. दिवसा नीट दिसायचं. अंधारून आलं की हात पुढे करून चालायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिवळी फळं, पालेभाजी द्या, नाहीतर डोळे जातील. दवाखान्यातलं औषध संपलं होतं, आणि गावात हिरवं पान उरलं नव्हतं.

जळगावला आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर पपया जगल्या होत्या. पिकलेली पपई एसटीत तिथवर टिकेना, म्हणून फोडी करून गच्चीवर वाळवल्या. कडकडीत वाळल्या, पण कुटल्यावर भुकटी भुशासारखी फिकी निघाली. माझे यजमान शाळेत शास्त्र शिकवायचे. ते चिमूटभर हातावर घेऊन म्हणाले, "रंग हाच तर तिचा गुण. तो उन्हानं खाल्ला."

मग पुन्हा पातळ चकत्या केल्या, जराशा वाफवल्या आणि खिडक्या लावून घेतलेल्या माळ्यावर मलमलीखाली पसरल्या. वर पत्रे तापलेले, माळा भट्टीसारखा. या वेळी भुकटी केशरी उतरली. डब्यात दाबून भरली, झाकणाभोवती मेण लावलं आणि स्वतः नेऊन दिली. अक्काला सगळं समजावलं: उजेड लागू देऊ नको, डबा उघडा टाकू नको, तेलाच्या थेंबात कालवून दे. उन्हाळा संपता संपता तिकडून आलेला एक पाहुणा म्हणाला, पोर संध्याकाळी अंगणात खेळते.

पुढचा पाऊस आला तो झडीचाच. पोळ्याला गेले तर अक्का परातीत काहीतरी चाळत बसली होती. भुकटीच होती, पांढरट. दमट हवेनं तिचे गोळे झाले, बुरशी धरू लागली, तेव्हा अक्कानं तिला दोन-तीनदा ऊन दाखवलं होतं.

"बठ्ठं वाया गयं व माय," ती म्हणाली.

सगळं वाया गेलं होतं खरं, पण बुरशी लागू द्यायची की ऊन लागू द्यायचं, याला तिच्या घरात तिसरी वाट नव्हती. माझ्याकडेही दुसरा डबा नव्हता. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या पपयांची झाडं वाळून गेली होती, आणि अक्काच्या गावी झडीत पालेभाजीही सडली होती. तशात पोरीला गोवर निघाला. अंगावरचं पुरळ गेलं, पण डोळ्यांवर पांढरा पडदा आला.

धुळ्याला मी बरोबर गेले. डॉक्टरांनी पापण्या वर करून पाहिल्या आणि अक्काला म्हणाले, "बाई, आता उशीर झाला."

स्टँडवर अक्कानं पोरीच्या हातात सोललेलं केळं दिलं. पोर खात राहिली, अक्का गाडीची वाट बघत राहिली. पुढे कधीही मी जळगावहून काही आणू का म्हणून विचारलं, की ती नको म्हणायची.