आईला झोप लागेल अशी जागा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्याच बळावर प्रवासवर्णन लिहायला बसलो, याबद्दल जाणत्यांनी क्षमा करावी.

लातूरकडचं आमचं गाव भूकंपात पडलं. घरातली माणसं वाचली. पण तेव्हापासून आई छपराखाली झोपेना. थंडीतही तिची बाज अंगणातच. वडील म्हणाले, "आत्याच्या भागात एखादं रान बघ. पाणी, वैरण, दवाखाना, सगळं तपास. तुझ्या आईला घरात झोप लागेल, अशी जागा बघ." म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून रेल्वेने भिगवणला उतरलो.

आत्याचे यजमान, म्हणजे मामा, लूना घेऊन आले होते. त्यांनी आधी चिलापी माशाचं कालवण-भाकरी खाऊ घातली. काट्यांनी माझी फजिती केली. मग उजनीच्या पाण्याकडे गेलो. काठाला काळीभोर सपाट जमीन, कलिंगडाचे वेल, हाताशी पाणी. मी हरखून म्हणालो, "मामा, हीच घेऊ या. विहीरसुद्धा नको!"

वेलांत खुरपणाऱ्या बाई हसल्या. "घ्या की पाव्हणं! दिवाळीला होडीबी घ्या संगं."

ती गाळपेर होती (धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी). पावसाळ्यानंतर तिथे पुरुषभर पाणी असतं. बाईंनी एक कलिंगड लूनाला बांधून दिलं. "आमचं जुनं घरबी त्या पाण्यातच हाय. पर रडायचं कितींदा? फोडून खावा."

आत्याची वस्ती भवानीनगरजवळ. शेजारचंच रान विकायचं होतं. माती मध्यम, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, वैरणीला उसाचं वाढं, दारात डांबरी रस्ता. तपासण्यासारखं सगळं तपासलं. आईच्या झोपेचं मात्र काही कळेना.

आत्याच्या माजघरात वर पाहिलं, तर आमच्या गावी घराघरांत कोसळली तशी छतावरच्या धाब्याची जड माती नव्हती. साधा पत्रा होता.

"तुमच्याकडं झालं तवा हितं उतरंड वाजली," आत्या म्हणाली. "मग वस्तीनं इर्जिक घातली (एकाचं काम सगळ्यांनी मिळून उरकणं). एकेका घराची माती खाली वढली. पयलं घर एकट्या म्हातारीचं."

"आणि तुमचं?"

"शेवटचं!" मामा म्हणाले. "हिचा च्या कुणाला नको हुता."

"व्हय, आन दुसरा कप कोण मागत हुतं?"

गावी जाऊन सगळं सांगितलं. वडिलांनी मातीचं विचारलं. आई इर्जिकीचं ऐकताना बाजेवरची गोधडी झटकत राहिली. जमीन कशी आहे ते मी सांगू शकत होतो. पण तिथे माणसाची भीती कमी होईल का, हे कसं सांगावं? त्याच विचारात पुण्याला परतलो.

कॉलेज सुरू झाल्यावर एके दिवशी हॉस्टेलवर मामांचा फोन आला. आईवडील रान बघायला आले होते.

"पसंत पडलं का?"

"तुझं वडील बांधावर हायत," मामा अगदी दबक्या आवाजात म्हणाले. "वहिनी माजघरात बायकांसंगं गहू निवडत हुत्या. तितंच लवंडल्या. कुणी उठवलं न्हाय. आजून झोपल्यात."