दगडूची फळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अण्णांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दगडूला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मधे बोलत नाही म्हणून असेल.

अण्णांचा फिरता तंबू-सिनेमा होता, नेवाशाकडचा. मी त्याचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय, तर गावोगावच्या पाटलांपुढे हात जोडायचे आणि तंबूच्या दारात उभं राहून पोरांना ओरडायचं. पण शब्द मोठा होता, आणि मला तो फार आवडायचा. सिनेमाचं मशीन चालवणारा दगडू, पाथर्डीकडचा. आणि तिसरा, ट्रकचा ड्रायव्हर. वर्षातले आठ महिने आम्ही तिघं रस्त्यावर असायचो, आणि झोपायचो कुठं, तर कनातींच्या गठ्ठ्यावर, नाहीतर ट्रकखाली.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी अण्णांनी ट्रकची नवी चासी घेतली, नुसता सांगाडा आणि इंजिन. म्हणाले, केबिनच्या मागं माणसांना राहायला खोली करू, तिच्या मागं तंबू आणि मशीन. बॉडी बांधायची ती केडगावच्या बाबू मिस्त्रींकडूनच. पण काम द्यायच्या आधी मिस्त्रींचा कारखाना डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून अण्णा, ड्रायव्हर आणि मी केडगावला गेलो. दगडू मागं राहिला, मशीन खोललेलं होतं.

मिस्त्रींचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पण काय सांगू तुम्हाला! एका बसचा नुसता सांगाडा उभा होता, सागवानी, आणि मिस्त्री त्याच्यावरून डोळे मिटून हात फिरवत चालले होते. मधेच थांबले, बोट टेकवलं, आणि तेवढ्याच जागी रंधा मारायला लावला. दुसऱ्या गाडीला पत्रा बसत होता. आत एक गडी ठोकळा धरून, बाहेर दुसरा हातोडी घेऊन. मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही, तरी घाव बरोबर ठोकळ्यावर. अण्णा तासभर नुसते बघत राहिले. मीही. इतकं सुंदर काम मी पुन्हा कुठं पाहिलं नाही, आणि ते म्हणायला मला आज लाज वाटते — का, ते कळेल.

मिस्त्री कागदावर काही काढत नसत. शेडच्या एका कडेला फरशी होती, ती झाडून घ्यायची आणि गाडी खडूनं तिथंच मांडायची, होणार तेवढी, पुऱ्या मापाची. भिंती, दार, खिडकी. मी एक रेघ ओलांडून आत गेलो तर खेकसले, "भिंतीतून कुठं चाललाय? दार हाय की तिकडं." मी मुकाट्यानं बाहेर आलो, चपला काढल्या आणि खडूच्या दारातून आत गेलो.

मग त्यांचा नियम. जो गाडीत झोपणार, त्यानं रेघांच्या आत आडवं व्हायचं. त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत माप, वर चार बोटं मोकळी, आणि तेवढीच फळी. ड्रायव्हर झोपला. मी झोपलो. मिस्त्री माझ्या टाचेपाशी उकिडवे बसून इतक्या मायेनं रेघ ओढत होते, की वाटलं या माणसानं घर बांधावं आणि आपण त्यात राहावं.

आणि तिथंच मला टेबल हवंसं झालं.

मॅनेजरला टेबल नको? भिंतीला बसवलेलं, खाली खण, समोर खिडकी. मिस्त्रींनी वितीनं जागा मोजली. म्हणाले, उरलेली भिंत त्या तिसऱ्या माणसाची, तो बेताचा असला तर टेबल बसतंय, उंच असला तर न्हाई. आणि विचारलं, केवढा हाय तो?

दगडू केवढा होता? तंबूतला बल्ब स्टुलाविना बदलायचा तो. त्याच्या पायजम्याचं कापड मीच आणायचो आणि दरवेळी जास्तीचं मागून घ्यायचो. मला माहीत नव्हतं असं म्हणायला कुठं जागाच नाही. अण्णा आणि ड्रायव्हर शेडच्या दुसऱ्या टोकाला गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे बघत होते. मी म्हणालो, माझ्याएवढाच आहे.

"नक्की का? त्याला आणला असता तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, रोज बघतो की मी त्याला. आणि दगडूच्या जागी मीच आडवा झालो. मिस्त्रींनी माझ्या टाचेपाशी रेघ ओढली.

गाडी तयार झाल्यावर आणायला आम्ही सगळे गेलो, दगडूही. गाडी बघून अण्णांचे डोळे भरून आले. एक फट नाही, कुठं खिळा वर नाही. दगडू पोरासारखा आत शिरला आणि आपल्या फळीवर आडवा झाला. त्याचे गुडघे छपराकडे उभे राहिले. सरळ करायला गेला तर तळवे टेबलाच्या खणावर आपटले.

मिस्त्रींनी त्याचे पाय पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि अण्णांना म्हणाले, "माप माझं चुकलं. मानूस न झोपवता फळी बसवली. टेबल काढतो, दोन तासांत सरळ करून देतो."

अण्णा त्यांना गड्यांसमोर नको ते बोलले. मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. मग अण्णा माझ्याकडे वळले, "टेबल लागतं का रे?"

आता तुम्हीच सांगा, किती सोपं होतं? एक "नाही", आणि दोन तास.

मी म्हणालो, लागतं.

दगडूच मधे पडला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा. लई झ्याक हाय. पाय पोटाशी घेतले की थंडी बी वाजत न्हाई." आणि हसला. नऊ वर्षं तो तसाच झोपला. सकाळी खाली उतरला की दाराचा दांडा धरून पाय सरळ होईपर्यंत उभा राहायचा आणि तेवढ्यात मला चहा झाला का विचारायचा. टेबलावर मी काय ठेवलं होतं? आरसा आणि तेलाची बाटली. लिहायचं ते मी मांडीवरच लिहायचो.

गाडी मात्र नऊ वर्षांत एकदाही गळली नाही. जत्रेत लोक तिला हात लावून बघायचे, आणि कुणी बांधली विचारलं की मी अभिमानानं मिस्त्रींचं नाव सांगायचो.

एकदा खिडकीची काच बसवायला केडगावला गेलो होतो. एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, भाऊ आला नाही म्हणून त्याचं माप तोंडी सांगत होतं. मिस्त्रींनी आमच्या गाडीकडे बोट केलं. म्हणाले, "तसं न्हाई चालायचं. त्या गाडीत माजं माप चुकल्यालं हाय, अजून एक मानूस पाय दुमडून झोपतोय. इचारा या सायबांना."

गिऱ्हाईकानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, चुकलं होतं म्हणालो.

मिस्त्री आता नाहीत, दगडूही नाही. मिस्त्रींचं माप चुकलं नव्हतं. दगडू माझ्यापेक्षा वीतभर उंच होता, आणि त्याच्या जागी फरशीवर आडवा होताना मला ते ठाऊक होतं.