लाल शाईची रेघ

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नऊ जण मिळून जिल्ह्याचा कोश लिहीत होतो आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. राजूरचा पोस्टमन, घोडेगावच्या बैलबाजारात पावत्या फाडणारा कारकून, मिरजगावच्या शाळेत शिकवणारी मी, आणि असेच बाकीचे. मानधन नाही, बैठक नाही. कापडी बांधणीची एकच जाड वही जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती गावोगाव फिरायची. नियमही एकच: दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही. पटलं नाही तर समोरच्या कोऱ्या पानावर कारणासकट लिहायचं.

तो नियम मी मोडला. पाथर्डीकडच्या एकाने आपल्या गावाच्या पानावर लोकसंख्येपुढे लिहिलं होतं, 'आमच्या गावाच्या लोकसंख्या दोन. एक दसऱ्याआधीची, एक नंतरची.' हे काय उत्तर झालं? रोज गठ्ठाभर वह्या तपासून सरावलेला हात. लाल पेनाने आडवी रेघ मारली, वर प्रश्नचिन्ह दिलं आणि वही पुढे पाठवली. माझ्यानंतर पाळी त्याचीच होती, हे वही गेल्यावर आठवलं.

त्यानंतर वही आलीच नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. राजूरहून पोस्टमनचं कार्ड आलं, 'वही कुठे अडली?' काय सांगणार, कपाळ? माणूस दुखावला आणि नऊ जणांची चार वर्षांची मेहनत घेऊन बसला, असंच मी धरून चालले होते. राग स्वतःचा यायचा आणि निघायचा वर्गातल्या पोरांवर.

होळीनंतर एक रापलेला माणूस शाळेच्या दारात आला. खताच्या पिशवीत गुंडाळलेली वही पुढे करत म्हणाला, "बाई, उशीर झाला. ऊसतोडीला गेल्तो. घराला कुलूप, मागं ठिवली असती तर उंदरांनी खाल्ली असती. म्हून संगं नेली."

"तुम्ही ऊस तोडता?" अक्षरावरून मी त्यांना मास्तर समजत होते.

"धा वर्सं झाली. म्हातारी मान्सं सोडली तर समदं गाव जातं. म्हून तर दोन लिवल्या."

वही शाबूत होती. मी तिथेच पायरीवर बसले. इतकं हायसं मला स्वतःच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मग लाज वाटली. माझ्या रेघेसमोरचं पान त्यांनी भरून काढलं होतं: कोणत्या आळीतून कोण जातं, मागे शाळेत कोण उरतं, उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या खोपटात, कोपीत, चूल कुठे मांडतात. रागाचा एक शब्द नव्हता.

चहा पाजला आणि त्यांच्यासमोरच त्या पानाखाली लिहिलं, 'गाव न पाहता मी खोडलं. चूक माझी.' त्यांनी वाचलं आणि वही पिशवीत घालून पुढच्या गावाला पोचवायला निघाले.

पुढच्या फेरीत वही आली तेव्हा माझ्या त्या ओळीशेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती, अक्षर त्यांचंच. आणि खाली, नियमाप्रमाणे, कारण: 'या वेळी बाईंनी न खोडता लिहिलं.'