निसारभाईंची तंबाखू आणि गुलजारबींचं नाक

निसारभाईंच्या दुकानात पाइपची तंबाखू मिळते, हे आता आमच्या भद्रकाली भागातल्या लोकांनाही ठाऊक नसतं. पुढे विड्या आणि काड्यापेट्या मांडलेल्या असतात, पाइपची बरणी मात्र आत फडताळात. तिची आम्ही चार-पाच गिऱ्हाइकं उरलो आहोत आणि आम्हा सगळ्यांवर आपापले डॉक्टर नाराज आहेत. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, तोंडाचा फटकळ. चहा पुचाट झाला असेल तर यजमानांना तसं सांगतो, त्यामुळे मला बोलावणी फारशी येत नाहीत.

पण या तंबाखूला नाव ठेवायची संधी मला कधी मिळाली नव्हती. आंध्राकडचं पिवळं पान जास्त, निपाणीचं काळं पान थोडं, आणि वर काळ्या मनुकांचं पाणी शिंपडून दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवायचं, ही त्यांच्या वडिलांची रीत. तयार झालेल्या तंबाखूची चिमूट दाबून सोडली की ती हळूच फुलते. दुसऱ्या काडीला पेटते आणि शेवटपर्यंत विझत नाही. आधी मनुकांचा जरासा गोडवा, मध्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा खरपूसपणा, आणि तळाशी काळ्या पानाचा कडवट ठसका. धूर गार लागतो, जिभेला झोंबत नाही. पाइप झटकला की खाली पांढुरकी कोरडी राख. मला तेवढ्यात संध्याकाळ सार्थकी लागल्यासारखी वाटते.

करोनात निसारभाई वाचले, पण त्यांचं नाक गेलं. बिर्याणी आणि फिनेल त्यांना सारखंच. हे त्यांनी लपवलं नाही, आम्हा सगळ्यांना सांगितलं आणि वर म्हणाले, "सर, तुमच्यापैकी एकानं जरी नाव ठेवलं, तर ही बरणी मी धुऊन पालथी घालीन. अब्बांचं नाव खराब करून विकणार नाही." म्हणजे मग उरल्या विड्या, त्या तर कुठल्याही टपरीवर मिळतात. या माणसाचा जीव त्या बरणीत होता, हे मला दिसत होतं.

नवल असं की नाक गेल्यावरही तंबाखूत तसूभर फरक पडला नाही. मी विचारलं की निसारभाई तळहात पुढे करून म्हणायचे, हातांना सगळं माहीत असतं. माझा विश्वास बसला नाही, पण वाद घालून माझी तंबाखू कोण बंद करून घेणार?

गेल्या महिन्यात नवा माल घेतला आणि घरी येऊन पाइप भरला, तर शिऱ्यात पाक जास्त व्हावा तसा सगळा चिकट गोडवा. धूर गरम, जीभ पोळली, पाइपात पाणी गुरगुरायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुकानात गेलो, त्यांच्यासमोर पाइप भरला आणि माल उत्तम जमलाय असं सांगून टाकलं.

निसारभाई माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते फळीवर पडलेल्या जळक्या काड्या बघत होते.

"सर, पाच काड्या झाल्या," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय, डोळे नाही."

खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. निसारभाईंनी शांतपणे फडताळातून बरणी काढली आणि धुवायला पाणी मागवलं. मला माझाच राग येत होता.

तेवढ्यात गुलजारबी आल्या. त्यांचं घर दुकानाच्या मागेच आहे. भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर मालेगावला गेल्या होत्या, त्या सकाळीच परतल्या होत्या. हातात नवऱ्याचा न धुतलेला सदरा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, सदऱ्याची बाही नवऱ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "मनुका किती घातल्या? मी नव्हते तर कुणाला विचारलंत?"

मग सगळं बाहेर आलं. लग्नापासून त्यांचा रिवाजच होता, निसारभाई घरी आले की दारातच त्यांची बाही हुंगायची आणि बेसन लावून हात धुतल्याशिवाय ताटावर बसू द्यायचं नाही. त्यांना तंबाखूचा मनस्वी तिटकारा. निसारभाईंचं नाक गेल्यावर त्या दारातच सांगू लागल्या, आज गोड जास्त झालंय, आज काळं पान कमी पडलंय. निसारभाई मुकाट्याने मागे फिरून माल सुधारत. हातांच्या शहाणपणाची गोष्ट फक्त आमच्यासाठी होती. बिचारे लाजेने लाल झाले.

तरीही ते बरणी सोडेनात. सरांनी तोंडानं नाही तरी काड्यांनी नाव ठेवलं, जबान दिली होती, एवढंच म्हणत राहिले. तेव्हा गुलजारबी माझ्याकडे वळल्या.

"सर, निकाह झाल्यापासून मी रोज या तंबाखूला नावं ठेवते. माझ्यासाठी यांनी एक दिवस तरी बरणी धुतली का? मग तुम्ही असे कोण लागून गेलात?"

मी म्हणालो, मी कुणीच नाही, आणि ते अगदी मनापासून म्हणालो. निसारभाई आधी गालात हसले, मग खो खो हसले. त्यांनी बरणी परातीत उपडी केली, वर कोरडं पिवळं पान घातलं आणि दोन्ही हातांनी माल कालवायला बसले. बाह्या मात्र वर सारल्या नाहीत.