सीसॉच्या पलीकडच्या टोकाला

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण माझी पदवी रसायनशास्त्राची. भौतिकशास्त्र मी परीक्षेपुरतं केलं आणि नोकरी लागल्यावर पुस्तकातून शिकवत राहिले. आघूर्णाचा धडा तर पहिली चार वर्षं मी जवळजवळ वाचूनच दाखवला. बल गुणिले टेकूपासूनचं अंतर म्हणजे आघूर्ण. दोन्हीकडची आघूर्णं सारखी झाली की तरफ समतोल राहते. फळ्यावर आकृती, खाली दोन गणितं, उरलेली गृहपाठाला. मुलांची उत्तरं बरोबर यायची. त्यामुळे मला स्वतःला काही कळलेलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पाचव्या वर्षी नववीत एक बारीक अंगाची मुलगी होती. तिचं घर शाळेमागच्या रानातच. त्या दिवशी मी मीटरपट्टी मधोमध दोऱ्याने टांगली. एका टोकाला शंभर ग्रॅमचं वजन अडकवलं, दुसऱ्या बाजूला अर्ध्या अंतरावर दोनशेचं. पट्टी आडवी स्थिर राहिली. वर्ग खूश झाला. ही मुलगी तेवढी उभी राहिली.

"मॅडम, वजन हाये तेवढंच हाये ना? मग जागा बदलली की जड कसं व्हतं?"

"जड होत नाही. आघूर्ण वाढतं."

"म्हंजे?"

"म्हणजे बल गुणिले अंतर."

ती खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं हे मला स्वच्छ दिसत होतं. मी वह्या तपासायला घेतल्या.

शाळा अवसरी बुद्रुकच्या पुढे, गावापासून सुटी. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. मैदानाच्या अगदी कडेला, उसापासून चार पावलांवर, तरुण मंडळाने बसवलेला एक सीसॉ होता. लोखंडी चौकट आणि तिच्यावर दहा फुटी जाड फळी. उसाकडच्या टोकाचं लोखंडी बसायचं आसन मोडून पडलं होतं, शाळेकडचं शाबूत होतं. त्यामुळे रिकामा असला की शाळेकडचं टोक जमिनीला टेकलेलं आणि उसाकडचं वर, हे ठरलेलं. वाऱ्याने तो हलायचा नाही.

मी कळंबला राहते. कळंबहून मंचर आणि तिथून पहिली एसटी. ती मला साडेसहालाच शाळेपाशी सोडायची. शाळा भरायची सात-वीसला, पण दुसरी गाडी घंटेनंतर यायची, त्यामुळे इलाज नव्हता. ऑफिसची किल्ली शिपाईमामांकडे. ते येईपर्यंत मी ओट्यावर, ऑफिसच्या दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसून राहायचे. सोबतीला शाळेतलं एक पिवळं कुत्रं असायचं, माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाणारं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते दिसलं नाही. गावात गेलं असेल असं मी धरून चालले.

डिसेंबरात धुकं पडायला लागलं. आमच्याकडचं धुकं घोड नदीच्या बाजूने येतं आणि उसात अडकून बसतं. ओट्यावरून मैदानाचा मधला झेंड्याचा खांबसुद्धा दिसेनासा होतो. अशाच एका सकाळी मला सीसॉचा आवाज ऐकू आला. गंजलेल्या लोखंडाचा, लांबलेला, कुर्रर्र असा. मग थोडा वेळ काही नाही. मग धप्प. लवकर आलेली पोरं असतील म्हणून मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. शिपाईमामा आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते कुलूप उघडता उघडता थांबले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"मलाबी आलाय त्यो आवाज," ते म्हणाले. "सकाळच्या पारी तिकडं बघत जाऊ नका, बाई."

"का? काय आहे तिकडे?"

"काय न्हाई. काय खेळत आसंल तर खेळू द्या. आपुन हितं, ते तितं."

मला त्यांचा राग आला. मी विज्ञानाची बाई. भुताखेतांच्या गोष्टींनी मी घाबरणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवसापासून मी पाठ भिंतीला अधिकच घट्ट लावून बसायला लागले.

त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ. धुकं इतकं की स्वतःच्या चपला नीट दिसेनात. कुर्रर्र आवाज आला आणि थांबला, पण पुढची धप्प आलीच नाही. मी वाट बघितली. ती न आलेली धप्प मला इतकी छळायला लागली की मी उठले. पोरांना रंगेहाथ पकडायचं असं ठरवून मैदानातून चालत गेले.

सीसॉची अलीकडची अर्धी फळी दिसत होती. जे टोक कायम जमिनीला टेकलेलं असायचं ते माझ्या छातीइतकं वर होतं. स्थिर होतं. फळी तिथून उतरत मधल्या टेकूपर्यंत जात होती आणि त्याच्यापुढे धुक्यात नाहीशी होत होती.

"कोण आहे? उतर खाली," मी म्हटलं.

उत्तर नाही. हसू नाही, खुसखुस नाही. पोरांना इतकं गप्प बसता येत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी हात वर करून त्या ओल्या आसनावर ठेवला आणि खाली दाबलं. ते बोटभर खाली आलं आणि मी जोर काढताच परत वर गेलं. पलीकडे कुणीतरी बसलेलं होतं. त्याचा भार मला तळहातात कळला, दार ढकलताना मागे उभं असलेलं माणूस कळतं तसा.

मी हात काढून घेतला. क्षणभर काही झालं नाही. मग फळीतून बारीक थरथर आली आणि माझ्यासमोरचं टोक आपोआप खाली यायला लागलं. पलीकडून कुणी उडी मारली असती तर ते धाडकन पडलं असतं. तसं नव्हतं. ते हळूहळू, थांबत थांबत येत होतं.

आणि तिथे, त्या धुक्यात, मला तो धडा कळला. शब्दांतून नाही, पोटातून कळला. पलीकडचं वजन कमी झालेलं नाही. आहे तेवढंच आहे. कमी होतंय ते अंतर. ते टोकाकडून टेकूकडे येतंय. म्हणजे माझ्याकडे येतंय.

मी पळाले नाही. पाय हलले असते तर पळाले असते. आसन माझ्या कमरेपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि मग एकदम जमिनीवर आपटलं. त्याच क्षणी टेकूच्या बाजूला गवतात काहीतरी मऊ, जड उतरलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. पाऊल वाजलं नाही, उसाचं पानही नाही. ओल्या घोंगडीसारखा एक वास मात्र आला.

मी तोंड तिकडेच ठेवून उलट्या पावलांनी ओट्याकडे निघाले. पाठीमागे, हातपाय धुवायच्या नळापाशी, पाणी चाटल्यासारखा बारीक आवाज येत होता. नळ गळका होता. मी मागे बघितलं नाही. ऑफिसच्या बंद दाराला टेकून, पिशवी पोटाशी धरून बसले. शिपाईमामांच्या गाडीचा दिवा दिसेपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. त्या वीस मिनिटांत इमारतीच्या मागून एकदा, फक्त एकदाच, पालापाचोळा दबल्यासारखा आवाज आला.

मामांनी माझा चेहरा बघितला. हातात काठी घेतली आणि मुलं जमेपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले.

आठच्या सुमाराला धुकं वर उचललं. मामा, मी आणि नववीचा वर्ग सीसॉपाशी गेलो. फळीवर दवाचा पांढरा थर होता. उसाकडच्या टोकापासून मधोमधपर्यंत तो पुसला गेला होता आणि लाकडावर ताजे ओरखडे होते. शेवटच्या पंजांचे ओरखडे खोल होते. तिथून त्याने उडी घेतली होती. पुढचे दोन पंजे टेकू ओलांडून माझ्या बाजूला आले होते. मागचे दोन पलीकडे होते.

"बिबट्या," मामा म्हणाले.

आमच्या भागात बिबट्या नवा नाही. उसातच त्यांच्या पिढ्या वाढल्यात. पण रोज आपण बसतो त्या फळीवर त्याची नखं बघणं वेगळं. भीती घालवायला की काय, मी खडू मागितला. बारीक अंगाची ती मुलगी माझ्याआधीच खाली वाकून बघत होती.

"मॅडम, त्याचं वजन काढता येईल," ती म्हणाली. "त्यो हितं उभा व्हता तवा फळी फिरली."

"पण तो तर दोन ठिकाणी उभा आहे. पुढचे पाय इकडे, मागचे तिकडे."

तिने जरा विचार केला. "मग मधलं धरू."

आम्ही पट्टीने मोजलं. चारी पंजांचा मध्य टेकूपासून एक फूट पलीकडे येत होता. मग मामांनी बादली आणली. ती उसाकडच्या टोकाला टांगली आणि एकेक तांब्या पाणी ओतत गेलो. फळी अलगद उचलली गेली आणि आडवी झाली तेव्हा थांबलो. पोषण आहाराचा तांदूळ मोजायच्या काट्यावर ती बादली लावली. पाण्यासकट आठ किलो. टोक टेकूपासून पाच फुटांवर.

"आठ पंचे चाळीस," वर्गातून दोन-तीन आवाज आले.

"आणि त्याचं अंतर एक फूट," ती मुलगी म्हणाली. "चाळीस किलो, मॅडम."

आम्ही कुणीही न बघितलेल्या जनावराचं वजन काढलं होतं. दोन-चार किलो इकडेतिकडे असेल. तरी तो आकडा ऐकल्यावर मुलं फळीपासून एक पाऊल मागे सरकली. आत्तापर्यंत ते नुसतं जनावर होतं. आकडा कळल्यावर ते तिथे उभं राहिल्यासारखं झालं.

मुख्याध्यापकांनी वनखात्याला फोन केल्यावर अकराला वनरक्षक आले. तरणा माणूस, आदिवासी पट्ट्यातला, भीमाशंकरच्या बाजूचा. त्यांनी ओरखडे बघितले, आमचा हिशोब ऐकला आणि मान डोलावली.

"चाळीस म्हंजी मादी. भरलेला नर असता तर साठच्या आसपास गेला असता." मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी उभ्या कुठं व्हत्या?"

मी जागा दाखवली. त्यांनी माझ्या पाठीमागे बघितलं, शाळेकडे, आणि सरळ नळाकडे चालत गेले. गळक्या नळाखालच्या चिखलात वाकून बसले. आम्ही त्यांच्यामागे गेलो. चिखलात ठसे होते, कुत्र्यापेक्षा थोडे मोठे, गोल, नखं न उमटलेले.

"पिल्लू," ते म्हणाले. "सहा-सात म्हयन्यांचं. त्ये हितं पानी पीत व्हतं. ती तिकडं उंचावर बसून राखन करत व्हती. तुमी मधी आल्या."

मग त्यांनी मोठे ठसे शोधले. सीसॉपासून कुंपणाच्या कडेने, इमारतीच्या मागून वळसा घालून ते नळापाशी आले होते. तिथून दोन्ही ठसे उसात गेले होते. म्हणजे मी दाराला टेकून बसले होते तेव्हा ती इमारतीच्या पलीकडून गेली होती. मध्ये फक्त ऑफिसची एक खोली होती.

"लई नशीबवान हाये तुमी," वनरक्षक म्हणाले. "पळाल्या असत्या तर अवघड व्हतं."

मी पळू शकले नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पिंजरा लावला नाही. पिल्लाची आई धरली तर पिल्लू बिथरेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. नळ दुरुस्त केला, कुंपणाकडचं गवत काढलं, शाळेची वेळ तासाने पुढे ढकलली. मी दुसऱ्या गाडीने यायला लागले. त्या दुपारी घरी गेल्यावर मला ताप भरला, तो तीन दिवस उतरला नाही. आईने विचारलं तेव्हा मी धुकं बाधलं म्हणाले.

तो धडा मी त्यानंतर दर वर्षी मैदानात शिकवते. एका दणकट मुलाला टेकूजवळ उभं करते, एका किरकोळ मुलीला टोकाला बसवते. मग त्या मुलाला एकेक पाऊल मागे सरकायला लावते आणि बाकीच्यांना डोळे मिटून फळीच्या टोकावर हात ठेवायला सांगते. तळहाताला काय कळतं ते बोलायला लावते. सूत्र शेवटी.

त्याच हंगामात, फेब्रुवारीत, सीसॉपलीकडचा ऊस तुटला. तोडणी चालू असताना मुकादमाने मला बोलावून नेलं. कुंपणापासून चार-पाच पावलांवर, दाट उसाच्या पोटात, जमीन दबून गुळगुळीत झालेली एक जागा होती. बाजूला थोडी हाडं आणि पिवळ्या केसांचा पुंजका. मामांनी तो पायाने मातीत लोटला.

मी त्या जागेवर वाकून बसले, जनावर बसेल तेवढ्या उंचीवर. ऊस अजून समोर दोन सरी उभा होता. ओट्यावरून आम्हाला त्या उसात कधी काही दिसलं नव्हतं. इथून मात्र पानांच्या फटीतून सगळा ओटा दिसत होता. नळ, ऑफिसचं दार, आणि दाराशेजारी मी रोज पाठ टेकून बसायचे त्या भिंतीवरचा तेलकट डाग.